लाल गाडी

गॅरेजच्या मागच्या नळावर धाकटी गाल खसाखसा धूत होती. गॅरेजवाल्या हिरोने मघाशी हनुवटी धरून तिला जवळ ओढलं होतं. त्याच्या नखांतलं काळं ग्रीस गालाला लागलं होतं, ते काही केल्या निघेना.

हिरो ताईचा होता. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. धाकटीचं मात्र लपूनछपून चाललं होतं. दर वेळी घरी जाताना तिला स्वतःचीच शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा इकडेच वळायचे.

तिला मळमळून आलं. जिभेवर कुजक्या अंड्याची चव आली आणि मग डोळ्यांपुढे ते दिसलं. पाण्याच्या टँकरखाली हिरोची लाल गाडी. चाकाखालून बाहेर आलेला एक हात. त्यावर बसलेल्या माश्या.

असं तिला लहानपणापासून दिसायचं. बाबांचं बोट यंत्रात सापडलं, तेही तिने आधी पाहिलं होतं, सांगितलंही होतं. बाबा हसण्यावारी नेऊन कामावर गेले होते. ताई तेवढी हसली नव्हती.

आता चेहरा दिसला नव्हता. पण ती गाडी हिरो दुसऱ्या कुणाला शिवूसुद्धा देत नसे.

“तू गाडीवर बसू नकोस,” ती आत येऊन म्हणाली आणि पाहिलेलं सगळं तिने त्याला सांगितलं.

हिरो आधी हसला. मग त्याच्या हातातला पाना खाली पडला. “कधी?”

“ते नाही कळत. लवकरच.”

त्याने ग्रीसच्या फडक्यानेच तोंडावरचा घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, तर ताई पलंगावर बसून बोटात किल्ली फिरवत होती. “बघ! मागितली आणि दिली त्याने. आठवडाभर गाडी आपल्याकडे.”

दप्तर टाकून धाकटी तशीच गॅरेजकडे धावली.

“तिला गाडी का दिलीस?”

हिरो एका स्कूटरखाली वाकला होता. त्याने मान वर केली नाही. “मागितली, दिली.”

“मी काय सांगितलं होतं तुला?”

“मी बसतोय का गाडीवर? नाही ना?”

“अरे, पण ताईला काही झालं तर?”

“ताईला काही होत नाही.” तो उठला आणि त्याच चिकट अंगठ्याने तिचं मनगट कुरवाळू लागला. “तू फार विचार करतेस. जा घरी.”

हात हिसकावून ती बाहेर पळाली आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकली. याच माणसासाठी आपण सख्ख्या बहिणीच्या पाठीत सुरी खुपसली! तोंड पुसताना तिने ठरवलं, आता काहीच लपवायचं नाही. ताईने थोबाडीत दिली तरी चालेल, घराबाहेर काढलं तरी चालेल. पण ताई जगली पाहिजे.

आई स्वयंपाकघरात होती. धाकटीने ताईचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. टँकर, माश्या, आणि मग खाली मान घालून गॅरेजमागचं तेही. “मला हवं ते बोल, मार. पण त्या गाडीवर बसू नकोस, ताई. तुझ्या पाया पडते.”

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. उठून दार लोटलं.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “काल रडत रडत सगळं ओकला तो माझ्यापुढे. टँकरचंही आणि तुमचंही.”

“मग? तरी तू गाडी मागितलीस?”

ताईने तिच्या गालावरून मायेने हात फिरवला आणि किल्ली तिच्या मुठीत कोंबली.

“वेडे, मी माझ्यासाठी कुठे मागितली?”