ओला चष्मा

हॉस्पिटलच्या व्यायामखोलीत शेजारच्या खुर्चीतल्या दोंदे गुरुजींच्या डोक्यावरून काढलेला, आत खोटी दृश्यं दाखवणारा काळा, खोक्याएवढा व्हीआर चष्मा फिजिओथेरपीवाल्या पोरीने तसाच रूथबाईंपुढे धरला. आतला स्पंज घामाने ओला होता, आणि गुरुजींचा डावा डोळा पुवाने चिकटला होता.

"घाला आजी. आत बाग दिसेल. हात उंच करून आंबे तोडायचे, की झाला व्यायाम."

रूथबाईंनी तोंड मागे घेतलं. चौतीस वर्षं नर्स म्हणून त्यांनी सडलेल्या जखमा धुतल्या होत्या, पण एकाची घाण दुसऱ्याच्या तोंडाला कधी लावली नव्हती. "आधी पुसून आण," त्या म्हणाल्या.

"सगळेच घालतात हो," असं म्हणत पोरीने त्यांच्या कागदावर 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारला. खुब्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. दोघांनी धरून उभं केलं तरी रूथबाई पडायच्या भीतीने पाऊल टाकत नव्हत्या.

चष्मा मग समोरच्या ठकूबाईंकडे गेला. त्यांचा मोतीबिंदू काढून महिनाही झाला नव्हता. त्यांनी मुकाट्याने मान पुढे केली. ते पाहून रूथबाईंना शिसारीच आली. वॉकर ओढून त्या उठल्या, खोली ओलांडून गेल्या आणि पोरीच्या हातातला चष्मा त्यांनी काढून घेतला.

"आजी, तुम्ही चाललात," पोरगी हरखून म्हणाली.

"चालले ते राहू दे," रूथबाई म्हणाल्या. "स्पिरिट कुठाय? आणि हात कधी धुतलेस शेवटचे?"