नमुन्याचं पाणी

नमुन्याच्या बाटल्या श्रीरंगनं स्वतःच भरायच्या, असं ठरलं होतं. तेही थेट माठातून.

संभाजीनगरहून निघतानाच त्याचे साहेब अनंतराव यांनी बजावलं होतं. "बोअरचं पाणी नको. लोक घरात पितात ते घे. आणि कशाला आलास ते कुणाला सांगू नकोस. पाइपलाइन मिळणार म्हटल्यावर माठात काय कालवतील, नेम नाही."

पिशोरच्या पुढं ती वस्ती. तिथं माणसांच्या किडन्या निकामी होत होत्या. पाण्यामुळंच, असं वस्ती म्हणायची. पुरावा दाखवा, असं सरकार म्हणायचं. पाणी वाईट निघालं तरच पाइपलाइन.

मनकर्णाबाईचा सत्यम ओसरीवर खाटेला खिळलेला. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले.

"बसा साहेब. दम घ्या जरा," म्हातारी म्हणाली.

पायरी ओली होती. आत्ताच कुणीतरी पाणी फेकलं असावं. मागच्या दारानं सून सुरेखा धापा टाकत आत शिरली. मग तांब्या आला.

श्रीरंगनं घोट घेतला. चांगलं गोड पाणी.

"मावशी, या माठातलंच पिता ना?"

"व्हय. दुसरा माठ कुठं हाय आमच्यात?"

"मग बाटलीभर घेऊ?"

"घ्या की! वाटंनं लागंल. लई ऊन हाय."

श्रीरंग मनातल्या मनात हसला. कुणाला पत्ताच नव्हता.

पुढं सारजाबाईचं घर, मग चतुराबाईचं. सगळीकडं आधी बसवायचे, मगच पाणी. मागच्या बोळातून सुरेखा प्रत्येक वेळी त्याच्या पुढं पळताना दिसायची. डोक्यावर काहीतरी, पदरानं झाकलेलं.

"ही कुठं पळतेय?" त्यानं विचारलं.

"पाव्हणं येतेत म्हणून सांगाया," चतुराबाई म्हणाली.

वस्तीबाहेर टँकरवाला सर्जेराव जीपला आडवा आला. त्याला कचेरीतून कुणकुण लागली होती. "साहेब, पाइप आला तर माझे टँकर गंजतील ना! बाटल्या द्या इकडं, माझा माणूस पोचवतो नीट."

"हात लावू नका," श्रीरंग म्हणाला. प्रयोगशाळेपर्यंत त्यानं बाटल्या मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत, बरं का.

अहवाल आला. एकूण एक बाटली निर्दोष.

श्रीरंगला वाईट वाटलं. सत्यमचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. पण बाटल्या त्यानंच भरल्या होत्या, त्यानंच सांभाळल्या होत्या. शंकेला जागाच नव्हती.

"धोरण पुराव्यावर चालतं, रडण्यावर नाही," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी सही केली. पाइपलाइन सोयगावकडं वळली.

पावसाळा सरला आणि सत्यम गेल्याचं कळलं. श्रीरंगला राहवलं नाही. तो भेटायला गेला.

खाट तिथंच होती. तिच्यावर आता सत्यमची पोर, श्रेया, निजली होती. पापण्या सुजून मिटल्यासारख्या.

"बाळाला काय झालं, मावशी?"

"बापावानीच," म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "बसा साहेब. उन्हातनं आलात."

मग आत वळून ती हळूच म्हणाली, "सुरेखा, माठ वत भाईर, आन् दुकानातला जार आणून भर त्याच्यात. मागल्या बारीसारखा सारजाबाईकडंबी फिरव. आपलं हे पाणी पाव्हण्याला पाजायचं व्हय?"