दोन ठिपके

"असले लाड पुरवायला आपण दुकान उघडलेलं नाही," इंद्रजीतसाहेब म्हणाले आणि सिद्धेश्वरीचा लॅपटॉप त्यांनी स्वतःच्या हातानं मिटला.

होटगी रोडवरच्या त्या ऑफिसात साहेबांच्या कंपनीनं एक ॲप बनवलं होतं. कामगारांच्या सुट्ट्या, नेमणुका, सगळं त्यात. समोर अर्ज येतो, खाली दोन गोल ठिपके. हिरवा दाबला की मंजूर, लाल दाबला की नामंजूर. ठिपक्यांवर अक्षर नाही, कारण अक्षरांनी शोभा जाते असं साहेबांचं मत. आणि शोभेतलं साहेबांना फार कळायचं! गेल्याच महिन्यात बायकोनं सांगितलेल्या रंगाची इरकली साडी सोडून भलत्याच रंगाची घेऊन आले, वर दुकानदारालाच लबाड ठरवून मोकळे झाले.

सिद्धेश्वरीचं काम ॲपमधल्या चुका शोधण्याचं. आज तिनं एकच आणली होती. अकलूजकडच्या एका साखर कारखान्यातल्या भीमराव कारकुनांचा फोन तिनं साहेबांसमोर स्पीकरवर लावला.

"म्याडम, मला लाल-हिरवं येगळं दिसत न्हाय, जन्मापास्नं," भीमराव सांगत होते. "नव्या ॲपमदी ठिपक्यांची जागा बी बदलली. सुट्टी द्याया गेलो, नाकारली गेली की. एकदा दाबलं की माघारी फिरत न्हाय. गड्याच्या पोरीचं लगीन हुतं."

साहेबांनी मध्येच फोन बंद केला.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "रंग कळत नाहीत त्यानं ऊस मोजावा. ॲपला हात लावू नये."

"सर, दोन शब्द लिहायचेत फक्त. मंजूर, नामंजूर. किरकोळ काम आहे."

"किरकोळ आहे म्हणूनच करायचं नाही. आज हे, उद्या आंधळे येतील, परवा बहिरे."

"येऊ देत की, सर."

हे साहेबांना झोंबलं. त्यांच्या ऑफिसात उलट बोलायची रीत नव्हती, आणि हुजरेगिरी सोडून तिथं दुसरी कुठली रीतही नव्हती.

"तुमचा कायम होण्याचा अर्ज आलाय ना आज?" त्यांनी विचारलं.

"हो, सर," सिद्धेश्वरी म्हणाली. अर्ज नामंजूर झाला की त्याच दिवशी घरी, हा इथला नियम. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला पुण्याला परत जाता येणार नव्हतं, आणि सोलापुरात तिला असलं काम देणारं हे एकच ऑफिस सापडलं होतं.

एरवी असले अर्ज साहेबांचा मदतनीस शिवकुमार निकाली काढायचा. साहेब कशाला बोट उचलतील? पण माणसाला घरी पाठवायचं सुख त्यांना दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. त्याच ॲपमध्ये अर्ज उघडून त्यांनी मोबाइल तिच्या डोळ्यांपुढं धरला आणि एका ठिपक्यावर बोट नेलं.

"हा बघा लाल. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. दिसतोय?"

सिद्धेश्वरीनं ठिपका पाहिला. मग साहेबांकडं पाहिलं. साहेब अगदी गंभीर होते.

"दिसतोय, सर," ती हळूच म्हणाली.

साहेबांनी ठिपका दाबला. "झालं. या आता."

तिच्या हातातला मोबाइल वाजला. 'अभिनंदन. आपली नेमणूक कायम करण्यात आली आहे.'