पायरीजवळचा लिंब

टीझर सव्वा मिनिटाचा, आणि देवळाच्या पायऱ्यांवर त्याच्यावरून तासभर भांडण चाललेलं. धर्मापुरीच्या जुन्या देवळात आठ दिवस शूटिंग झालं होतं ना, तेव्हापासून गावात जो तो सिनेमातला शहाणा झाला होता.

"मी कुठंय बे?" हनुमान चौथ्यांदा विचारत होता. गर्दीत उभं राहायला गड्यानं नवा सदरा शिवला होता.

"तुझं बटन दिसलंय," रामेश्वर म्हणाला. "एक गाणं न्हाई, एक फाईट न्हाई. नुसता त्यो चितारी बसलाय ब्रश धरून. कोण बघंल असलं?"

"आर्ट पिक्चर हाय त्ये!" माऊली चिडला. "चितारी खरा होता. हितं येऊन बसायचा. ह्यातली चित्रं बी त्याचीच हायती."

रतनबाई पुतण्याला, माऊलीलाच बोलवायला आली होती. घरी गुरुजी येऊन बसले होते आणि पळसाची पानं अजून आणायची होती. तिचा नवरा बंकट मेंढरं घेऊन गेला, त्याला आज बारा वर्षं झाली. मेंढरं परत आली, बंकट आला नाही. बारा वर्षांनी अशा माणसाचा पानांचा पुतळा करून जाळतात, आणि मग बाईच्या बांगड्या फोडतात. दीर सुंदरराव महिनाभर समजावत होता. रतनबाई हो म्हणाली नव्हती, नाही म्हणून म्हणून थकली होती.

"मोठी माय, बघ की जरा," माऊलीनं मोबाईल पुढं केला. पानांची आठवण त्याला नको होती.

"मला काय कळतंय बाबा त्यातलं," म्हणत तिनं पाहिलं. शेवटी एक चित्र आलं. देवळाची हीच पायरी. पायरीवर एक म्हातारा, पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी. डाव्या कानाची पाळी तुटलेली.

"थांब," ती म्हणाली. "थांबीव त्याला."

ती पाळी कुत्र्यानं तोडली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. हळद तिनंच भरली होती त्यात.

पोरं मोबाईलवर वाकली. बंकटचा कान सगळ्या गावाला ठाऊक होता.

तेवढ्यात सुंदरराव शोधत आला. त्यानं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चित्राच्या कोपऱ्यात चिताऱ्याची सही होती आणि खाली साल.

"चौऱ्याऐंशी!" तो म्हणाला. "आवं, तवा दादा नऊ वर्साचा होता. आमी दोघं हितंच गोट्या खेळायचो. दुसऱ्या कुणाचं तरी आसंल, वहिनी. कान काय एकाचाच तुटतो व्हय?" पण मोबाईल काही त्यानं खाली ठेवला नाही.

"आन् ह्यो लिंब कुठला?" रामेश्वरनं बोट ठेवलं. चित्रात पायरीवर थोरल्या कडुलिंबाची सावली होती. "हितं कुठंय झाड?"

"मनानं घातलाय," सुंदरराव म्हणाला. "तवा बी नव्हता. कवाच नव्हता."

रतनबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. म्हाताऱ्याला कुणीतरी बाई पाण्याचा तांब्या देत होती. तिचा नुसता हात चित्रात आला होता. मनगटावर विंचू गोंदलेला, नांगी जरा वाकडी. गोंदणारीचा हात हलला होता म्हणून वाकडी. रतनबाईनं आपलं मनगट मोबाईलशेजारी धरलं. तीच नांगी. तिच्या हातात हिरवा चुडा होता, चित्रातला हात मोकळा होता.

"बंद कर बे त्ये," हनुमान म्हणाला आणि एक पायरी खाली सरकला.

"माऊली, ह्यो म्हातारा किती वर्साचा आसंल रं?"

"आसंल की सत्तरीचा," माऊली पुटपुटला.

बंकट आज पन्नाशीचा असता. तिनं मनात हिशोब घातला, अजून वीस वर्षं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

सुंदररावानं मोबाईल माऊलीच्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या वहिनी. माझाच जीव घाबरा झाला बघा. गुरुजीला वापस लावून देतो. आज नको."

"न्हाई, आजच."

"आवं, कालपर्यंत तर तुमीच..."

"चित्रात माझ्या हातात बांगडी न्हाई, भाऊजी," रतनबाई म्हणाली. "आन् त्यो आलाय."

ओढ्याकाठी पुतळा जळाला. पानं ओली होती, धूरच जास्त झाला. बायांनी गळा काढला. कौशल्याबाई गावातली सगळ्यांत जुनी विधवा, असल्या कामाला तिलाच बोलवायचे. आज मात्र तिला दगड उचलवेना. रतनबाईनं आपणहून मनगट पुढं केलं.

"फोड की, आत्या. कावून थांबलीस?"

आंघोळ करून, ओल्या केसांनी ती तांब्या घेऊन थेट देवळाकडं गेली. बाया म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. पायऱ्यांवर माऊली एकटाच बसला होता, मोबाईल बंद करून.

रतनबाई खालच्या पायरीशी वाकली. दगडाच्या फटीत लिंबाचं वीतभर रोप होतं. शूटिंगवाल्यांच्या पायाखाली कसं वाचलं, देव जाणे. मोकळ्या हातानं तिनं तांब्या त्याच्या बुडाशी हळूहळू ओतला.

"माऊली," ती म्हणाली, "शेरडं फिरकू देऊ नको रं हिकडं."