जाण्याची सही

बेलिफाची सायकल फाटकाशी टेकली, तसे जेलरसाहेब उठून मागच्या खोलीकडे निघाले. कारकून कुलूप घेऊन मागोमाग आला.

"कुलूप कशाला रे?"

"कुलूप दिसलं की लोक अडगळ समजतात, साहेब. कुणी डोकावत नाही."

साहेबांना ते पटलं. ते आत गेले, दार बंद झालं.

कोर्टाचा हुकूम निघाल्याची बातमी कारकुनानंच आणली होती. कैदेतल्या मास्तरांना सोमवारी अकराला न्यायाधीशांपुढे उभं करा. नाहीतर जेलरला सहा महिने कैद आणि नोकरीवर पाणी. पण मास्तर आता कुठंच उभे राहण्यासारखे उरले नव्हते. तेव्हा हुकूम साहेबांच्या हातात पडता कामा नव्हता.

ही खोली मास्तरांचीच. भिंतीवर त्यांनी खिळ्यानं सतराचा पाढा कोरला होता. सतरा सत्तेपाशी तो थांबला होता. व्हरांड्यातलं बोलणं छताजवळच्या नळातून इथं उतरे. आतलं बाहेर जात नसे. मास्तरांनी चार दिवस हाका मारून पाहिल्या होत्या.

आत्ता त्यांची आई बोलत होती. मग खुर्ची सरकली, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज झाला. ही रीत साहेबांनीच घालून दिलेली.

"आई, बसा," कारकून खालच्या पट्टीत म्हणाला. "मास्तर तर सहा तारखेलाच गेले. ही पाहा त्यांची सही."

सही खरी होती. कैदी आला, की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून दोन्ही रकान्यांत सही घ्यायची, येण्याची आणि जाण्याची. घाबरलेला माणूस कुठं वाचत बसतो? साहेब भुवईवरचा जुना व्रण चोळत गालात हसले.

संध्याकाळी दाराची खिडकी उघडली. चहा आत आला, पाठोपाठ रजिस्टर.

"बेलिफ अजून फाटकावर बसलाय. आजची रात्र इथंच काढा."

"वरून फोन आला?"

"आला. मास्तरांचं ज्यांना ठाऊक आहे, त्यातलं कुणी कोर्टापुढं जाता कामा नये, म्हणाले."

"बरोबर आहे. बघ तू काय ते."

"बघतो की. तुम्ही एवढी सही करा. सोमवारी बाहेरगावी होता, असं दाखवू."

साहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली. "माझ्या खुर्चीवर डोळा आहे तुझा, लबाडा."

"तुमच्याच हाताखाली शिकलो, साहेब."

खिडकी लागली. सकाळी चहा आला नाही. दुपारीही आला नाही. साहेबांनी दार ठोठावलं, शिव्या दिल्या, मग बसून पाढा वाचला. सतरा आठं त्यांना काही केल्या आठवेना.

किती दिवस गेले कोण जाणे, सायकल पुन्हा फाटकाशी टेकली. साहेबांनी सवयीनं श्वास रोखला. बेलिफ नवा हुकूम वाचत होता. मग एक बाई बोलू लागली.

"भुवईवर व्रण आहे हो त्यांच्या. कामावर जातो म्हणाले, ते घरी आलेच नाहीत."

खुर्ची सरकली. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज झाला.

"वहिनी, बसा," कारकून खालच्या पट्टीत म्हणाला. "साहेब तर शनिवारीच गेले. ही पाहा त्यांची सही."