सिमेंटमधलं पाऊल

"आजही नाहीच," मास्तर म्हणाले, तेव्हा मंडळाच्या बाई अजून दारातच होत्या.

"मी अजून तोंडही उघडलं नाही."

"ते बंद असलं तरी कळतं. या, बसा. चहा तयार आहे."

बाईंनी चपला काढल्या आणि पर्स मांडीवर घेऊन त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. गृहनिर्माण मंडळाच्या पुनर्विकास विभागात त्या नोकरीला होत्या. उपनगरातल्या जुन्या तीन मजली इमारती पाडायच्या, त्या जागी उंच इमारती उभ्या करायच्या, आणि त्याआधी प्रत्येक घराचा होकार मिळवायचा. होकार मिळवण्याचं काम बाईंकडे होतं. बहुतेक लोक दोन-तीन भेटींत ऐकत. मास्तरांकडे त्या रोज संध्याकाळी येत.

पडद्यातून गाळलेला पिवळा उजेड खोलीत साचून राहिला होता. लाकडी कपाट, गोल टेबल, भिंतीवरचा जगाचा विटलेला नकाशा, सगळं त्या उजेडात तरंगल्यासारखं वाटत होतं. लांबून यंत्रांची घरघर येत होती, झोपेत ऐकू यावी तशी. जिन्यात कुणाची पावलं वाजत नव्हती.

"तीन जिने चढून येता आणि दम म्हणून लागत नाही तुम्हाला," मास्तरांनी कप पुढे केला. "कचेरीतल्या माणसात हे नवलच."

"सवय झाली आता."

"खालचे गेले, शेजारचे गेले. समोरची ती भांडकुदळ बाईसुद्धा गेली. तिचा आवाज ऐकल्याशिवाय मला जेवण पचायचं नाही."

"त्यांना चांगली घरं मिळाली, मास्तर. हवा आहे, उजेड आहे."

"उजेड काय, इथेही आहे. पडदा सारू का जरा?"

"नको," बाई घाईने म्हणाल्या. "धूळ येईल. पलीकडे पाडापाडी चाललीय."

"तेही खरंच." मास्तर लगेच खाली बसले. "आणि फरशी बघा माझी. कालच बसवल्यासारखी ठेवलीय की नाही?"

बाईंनी मान हलवली. त्यांची नजर मात्र फरशीवर नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, फरशीच्या मधोमध, सिमेंटचा एक खरबरीत चौकोन होता. त्यात एक इवलंसं पाऊल उमटलेलं होतं, पाचही बोटं खिडकीच्या दिशेने. कप विसळायला आत जाताना बाई त्याला नेहमी वळसा घालत.

"लेकीचं आहे ते," मास्तर म्हणाले.

"सांगितलंय तुम्ही."

"रोज सांगतो. तुम्ही रोज येता, मी रोज सांगतो, फिट्टंफाट." ते हसले. "एवढीशी होती. तिथली फरशी फुटली म्हणून मी सिमेंट भरलं आणि हात धुवायला वळलो. तेवढ्यात खालून हिच्या आईची हाक आली. ही निघाली दाराबाहेर धावत, पाय थेट ओल्या सिमेंटमध्ये. आई वर येऊन बघते तर मी ओरडतोय आणि ही खिदळतेय. संध्याकाळी बुजवू म्हटलं. मग राहूनच गेलं."

"भूगोल शिकवणाऱ्या माणसाने घराचा नकाशा असा बिघडू द्यावा?"

"बिघडला कुठे? तेवढी एकच खूण खरी आहे त्यात."

बाई चहाकडे बघत राहिल्या. त्यावर साय धरू लागली होती.

"आता ती मोठी झाली," मास्तर म्हणाले. "तुमच्यासारखीच कुठल्याशा कचेरीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिच्याशी बोलल्याशिवाय मी घर सोडणार नाही."

"आणि ती आलीच नाही तर?"

"येते ती. उशिरा येते, पण येते."

पडद्यावरचा उजेड हळूहळू उतरत टेबलावर आला होता.

"बरं, कागद कुठंय तुमचा? रोज येता आणि हात हलवत येता."

"कागद नको. सही नको. तुम्ही नुसतं तोंडाने हो म्हणा."

"मंडळ इतकं भोळं कधीपासून झालं?"

"मंडळाला नाही, मला ऐकायचंय."

"एवढं काय अडलंय?"

बाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "माणूस आजारी पडलेला असतो. त्याला काही उमगत नसतं. तेव्हा त्याच्या वतीने दुसरंच कुणीतरी हो म्हणून टाकतं आणि घर जातं. तसं झालं ना, की..." त्या थांबल्या. "मग हो म्हणणाऱ्याला झोप लागत नाही, मास्तर."

मास्तरांनी गार झालेला कप बाईंपुढून उचलून बाजूला ठेवला.

"आणि हे असं रोज यायला मला आता जमायचं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आज शेवटचं विचारते. सोडाल घर?"

 मग मास्तर टेबलाचा आधार घेऊन उठले. अनवाणी, सावकाश चालत सिमेंटच्या चौकोनापाशी जाऊन उभे राहिले.

"हो," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"हो म्हटलं. मनापासून. सोडलं घर."

मांडीवरची पर्स खाली पडली. बाईंनी ती उचलली नाही.

मास्तर कष्टाने वाकले. त्या चिमुकल्या बोटांवरून त्यांनी एकेक करत आपलं बोट फिरवलं आणि मान वर केली.

"सगळं तसंच उभं केलंस, फक्त एक चुकलं तुझं, बाळ. जुन्या घरी हे पाऊल दाराकडे जायचं."