कडू रक्त

"तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही!" भालचंद्ररावांनी बोट मागे घेत सुरुवात केली. शुगर उतरावी म्हणून नीना वडिलांना रोज घरामागच्या जंगलातल्या ट्रेलवर चालायला पिटाळायची आणि रविवारी बोट टोचून शुगर तपासायची. आज ती सुई घेऊन समोरच बसली होती.

"सुपारीएवढी गोचीड पोटरीला चावली. पण रोज कारल्याचा रस पिणाऱ्याचं रक्त ते! एकच घोट घेतला, थू थू केलं आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाली, 'पळा गं, म्हातारा कडू आहे!'"

"पण आजोबा," नात रुही म्हणाली, "टिक्समुळे, म्हणजे तुमच्या त्या गोचिडींमुळे, लाइम नावाचा आजार पसरतोय, म्हणून ट्रेल तर आठवडाभर क्लोज्ड आहे. मग मिशीला जिलेबीचा पाक कोणी लावला, त्या टिकने?"